कुसुममावशी, तू राजदूत नव्हतीस

कुसुममावशी,

तुझी बातमी पेपरात आली. आतल्या पानावर, अगदी खाली. मथळा होता, 'माजी राजदूत कुसुमताई यांचे निधन'. ते वाचून मला इतकं हसू आलं की चहा सांडला. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मी रडते आहे. मी तिला मथळा दाखवला. मग तीही हसत सुटली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "कुसुम असती तं त्या पेपरवाल्याले फोन करून तासभर शिकवलं असतं!"

शिकवलं असतंसच. सगळ्यांना शिकवून झालं होतं तुझं. लग्नाच्या पंगतीत कुणी कौतुकानं "ह्या आपल्या राजदूत बरं का" म्हटलं की तू हातातला घास खाली ठेवायचीस. "राजदूत नाई जी. राजदूत दोन सरकारांच्या मधात बोलते. मी कौन्सल होती. परदेशात आपल्या माणसाचा पासपोर्ट हरवला, पोरगं झालं, कोणी मेलं, कोणाले पोलिसांनी धरलं, तं तो जिच्या खिडकीशी येते, ते मी." आणि समोरचा माणूस "हो हो" म्हणत पुन्हा तुझी ओळख राजदूत अशीच करून द्यायचा.

मी वकील झाले तेव्हा तू म्हणाली होतीस, "तू कायची वकील? जुन्या काळी राजाचा माणूस परक्या दरबारात बसे, त्याले वकील म्हणत. म्हणून तं वकिलात. खरी वकील मी." मी काळा कोट घालून तुझ्या पाया पडायला आले होते, आणि तू आशीर्वाद देण्याआधी माझी पदवीच काढून घेतलीस!

तू आईची शाळेतली मैत्रीण. तुझे बाबा गिरणीत, घर नागपूरच्या इंदोऱ्यात. घरातल्या मोठ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा तू आजीच्या कडेवर होतीस, असं तू सांगायचीस. सीताबर्डीवर टायपिंग शिकलीस, दिल्लीला परराष्ट्र खात्यात टायपिस्ट म्हणून लागलीस, आणि परीक्षा देत देत देशोदेशीच्या आपल्या कचेऱ्यांमध्ये पोचलीस. आमच्या घरी तुझी पत्रं यायची, त्यांवरची तिकिटं मी कापून घ्यायची. पत्रात मात्र राजवाडे, मेजवान्या काही नसायचं. 'आज एका नर्सच्या बाळाची नोंद केली. नाव काय ठेवायचं यावरून नवराबायको माझ्या टेबलावरच भांडले. शेवटी मी चहा मागवला.' असं असायचं. तू एकटी राहिलीस, पण तुझ्या सहीनं भारतीय झालेली पोरं कुठे कुठे वाढताहेत, याचा तुला केवढा तोरा होता!

ही सगळी तुझी बाजू मला आधीपासून माहीत होती. पण तुझं काम म्हणजे नेमकं काय, हे मला कळलं ते सुनीता आली तेव्हा.

तुला आठवतं ना? आठवतंच असणार. तू निवृत्त होऊन नागपूरला परतलीस त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. माझं ऑफिस सीताबर्डीवर, कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. ते बंद करायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. वाटणीचे दावे, भाऊ भावाच्या विरुद्ध, तारखेवर तारीख. मला वाटायला लागलं होतं की मी कुणाच्याच उपयोगाची नाही. एका खासगी कंपनीत नोकरी मिळत होती. होकाराची मेल लिहून ठेवली होती, फक्त पाठवायची बाकी होती.

त्या दिवशी दुपारी सुनीता जिना चढून आली. कुही तालुक्यातल्या एका गावातून, एस.टी.नं, धानाची रोवणी अर्धी टाकून. पायाला वाळलेला चिखल तसाच. म्हणाली, "मॅडम, मी माह्या भावाची बहीण हावो, असं प्रतिज्ञापत्र पायजे."

"ते कशाला?"

"एका जणानं सांगितलं, ते असलं की भाऊ सुटते."

हळूहळू सगळं बाहेर आलं. भाऊ दिनेश आखातात क्रेन चालवायला गेला होता. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या खोलीवरच्या एका मुलाचा फोन आला, "दिनेश को पुलिस ले गई." क्रेनवरून माल कोसळला होता आणि खाली काम करणारा एक माणूस जखमी झाला होता. त्यानंतर काहीच कळलं नव्हतं. दिनेशचा फोन बंद, ज्यानं पाठवलं तो एजंट फोन उचलत नव्हता. तुरुंग कुठला, गुन्हा कुठला, भाऊ धड आहे की नाही, काही नाही.

मला काय करायचं तेच समजेना. माझा कायदा भंडाऱ्याच्या पलीकडे फारसा गेला नव्हता. मी तिला रिक्षात बसवलं आणि तडक तुझ्याकडे आणलं.

तू अंगणात गवार निवडत बसली होतीस. सुनीता तुला पाहताच रडायला लागली. तू म्हणालीस, "रडून घे वं. घाई नाई. झालं की सांग." आणि खरंच गवार निवडत राहिलीस. मला तेव्हा तुझा राग आला होता. पाच मिनिटांनी सुनीतानं नाक पुसलं, आपणहून समोर बसली, तिनंही मूठभर शेंगा घेतल्या आणि निवडता निवडता सगळं नीट, क्रमानं सांगितलं. माझ्या ऑफिसात तासभर विचारून जे निघालं नव्हतं, ते तुझ्या अंगणात दहा मिनिटांत निघालं.

शेवटी ती म्हणाली, "त्याले सोडवून आणा, मॅडम."

तू हातातली शेंग ठेवलीस. "खोटं नाई सांगत तुले. सोडवणं माह्या हातात नाई, आणि तिथल्या आपल्या अधिकाऱ्याच्याबी हातात नाई. तो देश त्याईचा, कोर्ट त्याईचं. पण आपल्या माणसाले धरलं तं त्याले आपल्या कौन्सलले भेटाचा हक्क हाय. हे सगळ्या देशाईनं लिहून देलं हाय. भेट होईन, हे पाहतो मी."

मी तुझ्यावर तिथेच घसरले. "नुसतं भेटून काय होणार मावशी?"

तू माझ्याकडे पाहिलंस. "तू कधी एकटी तुरुंगात बसली का?"

मग आपण पत्र लिहायला बसलो. मी पानभर मसुदा केला, मानवी हक्क, न्याय, माणुसकी, सगळं घातलं. तू चष्मा लावून वाचलंस आणि पान उलटं करून ठेवलंस. "चांगलं लिहिलं. ठेव तुह्यापाशी. आता पासपोर्ट नंबर लिही. कंपनीचं नाव लिही. कोणत्या गावात काम करत होता ते लिही. शेवटचा फोन कोणत्या दिवशी आला ते लिही. तिकडे एकच माणूस दिवसभर अशी पत्रं वाचते, त्याले शोधाले काय लागते ते लिही." सुनीताकडे पासपोर्टची झेरॉक्स होती, घडी घालून घालून मधोमध फाटलेली. तो नंबर तू तीनदा तपासलास. पत्र गेलं, आणि त्या देशातल्या आपल्या वकिलातीत तू फोनही केलास. तिथे मॅथ्यू नावाचा केरळचा तरुण अधिकारी होता. नव्यानं लागला होता, तेव्हा तू त्याला काम शिकवलं होतंस. तो अजून तुला "मॅडम सर" म्हणायचा.

मॅथ्यूनं सहा दिवसांत दिनेश शोधला. जिवंत होता, धड होता. सुनीतानं तुझ्या अंगणात बसून गावी फोन लावला आणि तिकडून माणसांचा जो आवाज आला तो आपण तिघींनी ऐकला.

पण दोनच दिवसांनी मॅथ्यूचा पुन्हा फोन आला. तो तुरुंगात भेटायला गेला होता आणि दिनेशनं भेटायला नकार दिला होता. आतून चिठ्ठी आली, 'मला कुणालाही भेटायचं नाही.'

मला वाटलं ही अडचण किरकोळ आहे. "त्याला काय कळतं? मॅथ्यूनं सरळ आत जावं."

"जाता येत नाई," तू म्हणालीस. पहिल्यांदाच तुझा आवाज उतरलेला ऐकला. "कैदी स्वतः नको म्हणाला की कौन्सलले मागं फिरा लागते. हक्क त्याचा हाय वर्षा. आमचा नाई."

त्यानं नकार का दिला ते मॅथ्यूला दिनेशच्या कोठडीतल्या दुसऱ्या एका भारतीय कैद्याकडून कळलं. पहिल्याच दिवशी कुणीतरी सुटाबुटातल्या माणसानं दिनेशसमोर कागद ठेवला होता, त्याला न वाचता येणाऱ्या भाषेतला. सही कर, घरी जाशील, असं म्हणून सही घेतली होती. तो कबुलीजबाब निघाला. तेव्हापासून कोट घातलेला कुणीही आला की हा भिंतीकडे तोंड करून बसायचा.

सुनीता घाबरली. मीही. तू मात्र तिला एक अगदीच भलता प्रश्न विचारलास. "तुही माय त्याले घरी काय म्हणते?"

"बबन्या."

"आणि हाक कशी मारते? जशी मारते तशी मारून दाखव."

सुनीता लाजली. मग तिनं मान वर केली आणि अख्ख्या इंदोऱ्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, "बबन्याऽऽ! काहून गा, कुठी मेला? चहा थंडा होऊन राहिलाऽऽ!" माय रोज संध्याकाळी बांधावर उभी राहून हेच ओरडायची म्हणे.

तू मॅथ्यूला फोन लावलास. "मॅथ्यू, लिहून घे." त्या संध्याकाळी भारत सरकारच्या एका अधिकाऱ्याला तू फोनवरून वऱ्हाडी हाक शिकवलीस. तो बिचारा प्रत्येक वेळी "काऊण का" म्हणायचा. तू म्हणायचीस, "नो नो. काहून. फ्रॉम द स्टमक." तो 'कुठी मेला' इतक्या अदबीनं म्हणायचा की जणू निमंत्रणपत्रिका वाचतोय. तू ओरडलीस, "मॅथ्यू, यू आर हिज मदर! बी अँग्री!" सुनीता खाटेवर आडवी पडून हसत होती. महिनाभरात ती पहिल्यांदा हसली असेल. मी तुझ्या अंगणातल्या पायरीवर पोट धरून बसले होते. घरी जाताना मी फोन काढला आणि ती होकाराची मेल पुसून टाकली. का, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

मॅथ्यूनं तुरुंगाच्या अधिकाऱ्याला विनंती केली, की नकार चिठ्ठीवर नको, एकदा त्याच्या तोंडून ऐकू द्या. त्यांनी मानलं. जाळीच्या पलीकडे दिनेश पाठ करून बसला होता. मॅथ्यूनं कोट काढून खुर्चीवर टाकला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पहारेकऱ्यांसमोर ओरडला, "बबन्याऽऽ! काहून गा, कुठी मेला? चहा थंडा होऊन राहिला!"

दिनेश वळला. आधी घाबरला, मग त्याचा चेहरा वाकडातिकडा झाला, आणि मॅथ्यू सांगत होता तसं, तो एकाच वेळी रडला आणि हसला. जाळीशी आला आणि म्हणाला, "साब, आप बहुत खराब बोलते हो."

बस. तिथून पुढे सगळं सरकू लागलं. मॅथ्यूनं दुभाषा मिळवून दिला, तिथला वकील मिळवून दिला. दिनेशनं पहिल्यांदा आपल्या भाषेत सांगितलं, की क्रेनची वायर उसवत होती, त्यानं आधीच मुकादमाला फोटो पाठवला होता आणि मुकादमानं काम चालू ठेवायला सांगितलं होतं. जप्त केलेल्या फोनमध्ये तो फोटो सापडला. जो माणूस जखमी झाला होता तो बरा झाला, कुबड्या घेऊन कोर्टात आला आणि त्यानंही तेच सांगितलं. याला महिने लागले. सुनीताची रोवणी झाली, धान पिवळं पडलं, कापून झालं. दर पंधरवड्याला मॅथ्यू तुरुंगात जायचा, आणि त्याचा फोन आला की तू सुनीताला फोन करायचीस. सांगण्यासारखं काही नसलं तरी करायचीस. "आज भेटला. तब्येत बरी हाय. दाढी वाढवून राहिला." एवढंच. 'नुसतं भेटून काय होणार' हा माझा प्रश्न त्या महिन्यांत कधी विरून गेला, मला कळलंही नाही.

दिनेश सुटला आणि नागपूरच्या विमानतळावर उतरला त्या सकाळी कुहीहून दोन गाड्या आल्या होत्या. तू मागे खांबाशी उभी राहिलीस. मी ओढायला लागले तर म्हणालीस, "कौन्सलनं फोटोत यायचं नसते." दारातून तो बाहेर आला, हाडं दिसत होती, हातात एक प्लास्टिकची पिशवी. त्याची माय पुढे झाली. आम्हाला वाटलं आता ती गळ्यात पडून रडेल. तिनं त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली आणि म्हणाली, "काहून गा, कुठी मेला होता?" अख्खं विमानतळ वळून पाहायला लागलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू खांबाआड तोंड करून रडत होतीस. आयुष्यात तेवढंच एकदा पाहिलं मी तुला रडताना, आणि तेही तू 'डोळ्यात कचरा गेला' म्हणून नाकारलंस.

त्यांनी आपल्याला गावी नेलं. अंगणात पंगत बसली, वडाभात आणि कढी. परदेशी मेजवान्यांमध्ये कोणत्या काट्यानं काय खायचं हे जाणणारी तू तिथे मांडी घालून तीनदा भात घेतलास. दिनेशच्या मायनं तुला विचारलं, "तुमी सरकारात कोण होत्या जी?" मला वाटलं आता तासभर शिकवणी होणार. तू म्हणालीस, "पत्र लिहिणारी." आणि कढी मागितलीस.

त्यानंतर माझं ऑफिस चालू राहिलं. रामटेकहून, भंडाऱ्याहून, कुठून कुठून लोक यायला लागले, कुणाचा मुलगा अडकलाय, कुणाच्या नवऱ्याचा पासपोर्ट मालकानं ठेवून घेतलाय. पत्रं मी लिहायची, तपासायचीस तू. आणि दर रविवारी तर्री-पोहे खाताना आपण भांडायचो. आपलं भांडण एकच होतं. परदेशी राजदूताला आपल्या देशात अटक करता येत नाही, खटला चालवता येत नाही, हे मला कधी पटलं नाही. मी म्हणायची, "त्यानं गाडीखाली माणूस चिरडला तरी तो विमानात बसून घरी जाणार? हा कुठला कायदा?" तू म्हणायचीस, "त्याचं सरकार ते संरक्षण काढून घेऊ शकते. नाई काढलं तं आपण त्याले हाकलू शकतो." मी म्हणायची, "हाकलणं ही शिक्षा झाली? नोकरीवरून घरी गेला, संपलं?" तू चिडायचीस, मी चिडायची, पोहे गार व्हायचे.

तू आजारी पडलीस तेव्हा दवाखान्यातही आपण तेच बोललो. मी आले तेव्हा तू नर्सबाईंना त्यांच्या भावाच्या व्हिसाचा फॉर्म कसा भरायचा ते सांगत होतीस, नाकात ऑक्सिजनची नळी असताना. त्या गेल्या आणि मी खुर्ची ओढली. तू म्हणालीस, "उद्या ये. तुह्या मुद्द्याचं उत्तर सापडलं हाय मले. असं उत्तर हाय, की तू कोट काढून ठेवशीन."

"आत्ताच सांग ना."

"उद्या. आता दम लागते."

दुसऱ्या दिवशी तू झोपली होतीस. तिसऱ्या दिवशीही. मी दोन्ही दिवस तुझा हात धरून बसले आणि, तुला खोटं का सांगू, मला दुःखापेक्षा त्या उत्तराची चुटपुट जास्त होती. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

काल तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. विहारात वंदना झाली, लोक दोन-दोन शब्द बोलले. कुहीहून दिनेश, सुनीता आणि त्यांची माय आली होती. मला बोलायला उभं केलं. मला नीट बोलता येईना, म्हणून मी आपलं भांडणच सांगितलं. राजदूताला अटक का करू नये, याचं उत्तर मावशी माझ्यासाठी शोधून गेली आणि सांगायचं राहून गेलं, असं म्हणून मी खाली बसले.

जेवणाच्या वेळी दिनेशची माय माझ्याजवळ येऊन बसली. "तुमचं ते समजलं नाई मले. काय होतं जी भांडण?"

मी तिला सोप्या शब्दांत सांगितलं. परदेशाचा अधिकारी इथे गुन्हा करतो आणि आपल्याला त्याला धरता येत नाही. तिकडे आपल्या अधिकाऱ्यालाही धरता येत नाही. दोन्हीकडे तसंच.

तिनं थोडा विचार केला. ताटातला भात कालवत म्हणाली, "मंग बरोबरच हाय की. बबन्याले पकडलं तवा त्या लोकाईले वाटलं असतं की कोणी त्याले भेटू नये, तं? त्याईनं त्या केरळच्या सायबावरबी एक खोटी केस टाकली असती, अन् त्यालेबी आत टाकला असता. मंग माह्या पोराले हाक कोण मारली असती?"

 खरं तर मॅथ्यूसारख्या कौन्सलला राजदूताएवढं संरक्षण नसतं, थोडं कमी असतं, हा मुद्दा माझ्या जिभेवर आला होता. पण तो तांत्रिक होता आणि तिचा नव्हता.

मावशी, मी वीस वर्षं कोर्टात उभी आहे. इतक्या थोडक्यात मला कुणी गप्प केलेलं नाही. तुझं उत्तर हेच होतं की वेगळं, ते आता कळायचं नाही. तू ज्या थाटात म्हणाली होतीस, त्यावरून बहुतेक हेच असणार, आणि तू ते सांगताना इतकी खूश झाली असतीस की मी मुद्दाम दोन दिवस ते मान्य केलं नसतं.

मी ताट बाजूला ठेवलं, उठले, आणि तुझ्या फोटोपाशी जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मावशी, मी हरले."

दिनेश मागून हसत म्हणाला, "माह्या मायशी कोणीच जितत नाई, मॅडम. या, जेवून घ्या."